निष्ठा, हप्ता आणि दिवाणातले डबे

'लॉयल्टी क्लब'चं मराठी काय करायचं? मध्यंतरी एका घरगुती विक्रीच्या प्रशिक्षणाचं पत्रक हाती आलं, त्यात 'निष्ठावंत ग्राहक मंडळ' असं छापलेलं होतं. मला आधी हसू आलं. निष्ठा म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. चाळीस वर्षं वारी न चुकवणाऱ्याची असते ती निष्ठा. गुरूवर असते, तत्त्वावर असते, झालंच तर एखाद्या पक्षावर असते (हल्ली तीही नसते, ते सोडा). रव्याच्या डब्यावर आणि फेसवॉशवर कसली आलीये निष्ठा? डबा घट्ट बसत असेल आणि परवडत असेल तर मी पुन्हा घेईन, नाहीतर नाही घेणार. याला गिऱ्हाईक म्हणतात, निष्ठावंत नव्हे.

पण नंतर हसू मावळलं, कारण तो शब्द चुकून आलेला नाही. त्यांना खरंच निष्ठाच हवी आहे. डबा चांगला आहे म्हणून नव्हे, तर डबा विकणारी आपली शेजारीण आहे म्हणून दर महिन्याला पैसे द्यायचे, अशी ती निष्ठा.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. घरबसल्या थेट विक्री करणाऱ्या बाईला ग्राहकांचा मासिक क्लब ज्या पद्धतीने चालवायला शिकवलं जातं, ती पद्धत गिऱ्हाइकाला थोडं फसवते आणि चालवणारीला पुष्कळ फसवते. पद्धत वाईट आहे. बाई वाईट नाही, आणि तिचं कमावणं तर मुळीच वाईट नाही.

हे कशाच्या जोरावर बोलते? माझ्या धाकट्या जावेचा असा क्लब होता. डोंबिवलीत, पूर्वेला, चार विंगांच्या सोसायटीत. तिच्या क्लबाची वही मी लिहायचे, कारण मी सहकारी बँकेतून निवृत्त झालेली आणि घरात 'हिशेब म्हटलं की ताई' असा एक गैरसमज आहे. वही लिहिणाऱ्याला फार दिसतं हो. कोण पाच तारखेला देतं, कोण वीसला देतं, कोण 'पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम' म्हणतं आणि तसं म्हणताना कुठे बघतं... सगळं. कंपनीचं नाव घेत नाही. एकाच कंपनीची ही गोष्ट नाही, म्हणून घेत नाही.

आधी हा क्लब चालतो कसा ते बघू. बारा जणी. प्रत्येकीने महिन्याला पाचशे रुपयांची खरेदी करायचीच. बारा पंचे साठ, म्हणजे सहा हजारांची ऑर्डर दर महिन्याला नक्की. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, नवीन माल बघायचा, चहा-फराळ, आणि त्या महिन्याच्या यजमानणीला एक भेटवस्तू. वर्ष संपेपर्यंत बाराही जणींना एकेक भेट मिळते. अमेरिकेत याला होस्टेस क्लब म्हणतात. तिकडेही हेच: दहा-बारा जणी, ठरलेली मासिक खरेदी, आणि कंपनी यजमान बाईला जी बक्षिसं देते ती आळीपाळीने एकेकीला.

आपल्याकडे हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. 'अगं, भिशीच आहे' म्हटलं की झालं. शेंबडं पोरही ओळखतं भिशी. लोकलच्या लेडीज डब्यात चालते, शाळेच्या स्टाफरूममध्ये चालते, किटी पार्टीवाल्यांकडे चालते. आणि इथेच पहिली लबाडी आहे, कारण ही भिशी नाहीच.

भिशीत बारा जणी हजार-हजार टाकतात आणि जिची चिठ्ठी निघते तिला बारा हजार रोख मिळतात. तिला पहिल्या महिन्यात मिळाले तर ते बिनव्याजी कर्ज झालं, शेवटच्या महिन्यात मिळाले तर ती सक्तीची बचत झाली. मधे कोणी काही खात नाही. (चालवणारी पहिला नंबर घेते, तेवढा तिचा मेहनताना.) ज्या बाईच्या नावावर बँकेत खातं नव्हतं, किंवा खातं होतं पण पासबुक नवऱ्याच्या कपाटात होतं, तिने याच पैशांतून शिवणयंत्र घेतलंय, पोरीची फी भरलीय. मी आयुष्यभर बँकेत बसले तरी भिशीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

भिशीत एक अलिखित कायदा असतो: नंबर लागला म्हणून पुढचे हप्ते बुडवायचे नाहीत. तो हवाच. कारण पहिल्या महिन्यात जिने बारा हजार नेले ती बाकीच्या अकरा जणींचं देणं लागते. तिने दांडी मारली तर सगळी साखळी तुटते.

आता तोच कायदा क्लबात आणून बसवा. पहिल्या महिन्यात एकीला साडेतीनशेची बरणी भेट मिळाली. आता तिने उरलेल्या अकरा महिन्यांत साडेपाच हजारांची खरेदी करायची, नाहीतर ती 'भेट घेऊन पळाली'. आणि जिचा नंबर अकरावा आहे तिने मधेच सोडलं तर तिची भेट गेली, दहा महिने तिने दुसऱ्यांच्या भेटींसाठीच खरेदी केली असं होतं. म्हणजे भेट मिळालेली शरमेने अडकते आणि न मिळालेली आशेने. बारा हजारांच्या कर्जाला शोभणारं बंधन साडेतीनशेच्या बरणीला लावलेलं आहे. भिशीचा सगळा विश्वास उसना घ्यायचा आणि भिशीतली एकमेव कामाची गोष्ट, म्हणजे रोख रक्कम, ती तेवढी काढून टाकायची! याला मी हुशारी म्हणत नाही.

बरं, भेटीचा हिशेब तरी काय? साडेतीनशेची भेट दर महिन्याला, सहा हजारांच्या विक्रीवर. म्हणजे जेमतेम सहा टक्के. हेच सहा टक्के सरळ सगळ्यांना द्यायचे ठरवले तर पाचशेवर तीस रुपये सूट पडते. वर्षाला तीनशे साठ. विकणारीचा खर्च तोच, घेणारीचा फायदा तोच. मग सरळ सूट का देत नाहीत? कारण तीस रुपये सूट मिळाली तर बाई पुढच्या महिन्यात म्हणू शकते की या वेळी काही नको. तीस रुपयांनी कोणी बांधलं जात नाही. भेटीने जातं. लॉयल्टीचं सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकी ट्रेनिंगमधले चकचकीत तक्ते.

हे शास्त्र कुठून आलं तेही ऐकण्यासारखं आहे. टपरवेअर आधी दुकानांत विकायला ठेवलं होतं आणि दुकानात ते फारसं उठत नव्हतं, कारण ते झाकण दाबून हवा काढायची कशी हे दाखवल्याशिवाय कळायचंच नाही. ब्राऊनी वाईज नावाची एक घटस्फोटित बाई, एका मुलाची आई, घरोघरी पार्ट्या करून ते डबे भराभर विकत होती. अर्ल टपरने १९५१ साली तिला कंपनीत घेतलं, माल दुकानांतून काढला आणि फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला सुरुवात केली. १९५४ साली बिझनेस वीकच्या मुखपृष्ठावर ती झळकली, त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर येणारी पहिली बाई. हजारो बायकांना तिने स्वतःच्या कमाईची चव दिली हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. त्या काळात अमेरिकेतल्या गृहिणीलाही दुसरं कोण काम देत होतं!

आणि मग १९५८ साली टपरने तिला काढून टाकलं. कंपनीचा एक शेअरही तिच्या नावावर नव्हता. भांडून तिच्या हाती काय पडलं, तर एका वर्षाचा पगार, साधारण तीस हजार डॉलर. त्याच वर्षी टपरने कंपनी विकली, एक कोटी साठ लाख डॉलरना. घरातल्या नात्यांवर धंदा कसा उभा करायचा हे जिने शिकवलं, तिच्याशी कंपनीने किती निष्ठा दाखवली ते बघा. ज्या ट्रेनिंगमध्ये ब्राऊनीताईंची प्रेरणाकथा सांगतात, त्यात हा शेवटचा भाग सहसा वेळेअभावी राहून जातो :-)

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. टपरवेअर १९९६ साली भारतात आलं. आमच्या पिढीतल्या किती तरी बायकांचं पहिलं व्हिजिटिंग कार्ड त्याच किंवा तसल्याच एखाद्या कंपनीचं होतं. आणि सप्टेंबर २०२४मध्ये त्या मूळ अमेरिकन कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. सत्तरएक वर्षांची निष्ठा जमा होती, ती काही कामाला आली नाही. लोकांना डबे दुसरीकडे स्वस्त मिळायला लागले होते, बस्स.

१९९०मध्ये जोनाथन फ्रेंझन आणि हॅरी डेव्हिस या दोघांनी अशा घरगुती पार्ट्यांचा अभ्यास करून एक निबंध लिहिला. त्यांना आढळलं ते असं की बाई खरेदी करते की नाही हे वस्तू किती आवडली यापेक्षा यजमान बाईशी तिचं नातं किती घट्ट आहे यावर जास्त ठरतं. आपल्या आजीला हे निबंधाशिवाय कळत होतं. 'घरी आल्यावर नाही कसं म्हणायचं' हे वाक्य प्रत्येक मराठी घरात वर्षातून दहादा उच्चारलं जातं. पण आजी ते संकोचाने म्हणायची, आणि इथे त्या संकोचालाच भांडवल म्हणून धरलंय.

वहीतली एक गोष्ट सांगते. बी विंगमधल्या एक वहिनी, नंबर नववा. त्यांच्या यजमानांची नोकरी गेली. सोसायटीत कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मला फक्त वहीत दिसत होतं की पाच तारखेला देणाऱ्या वहिनी अठ्ठावीसला देताहेत, आणि घेतात काय, तर दर वेळी सगळ्यात लहान डब्यांचा तोच सेट. एकच सेट चार महिने. कोणाच्या स्वयंपाकघरात एका मापाचे सोळा डबे लागतात? त्या डबे घेतच नव्हत्या, क्लबात राहण्याची किंमत भरत होत्या. क्लब सोडला तर 'का गं सोडलंस' असं अकरा जणी विचारणार आणि त्याचं उत्तर द्यावं लागणार. माझ्या जावेने पाचव्या महिन्यात त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, "वहिनी, या महिन्यापासून तुम्ही नुसत्या चहाला या." तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, "नको गं, तुझा नंबर तुटेल."

'तुझा नंबर तुटेल'! बघा हं, गिऱ्हाईक विक्रेतीच्या टार्गेटची काळजी करतंय. दुकानात असं होतं का कधी? वाण्याकडे तूरडाळ घ्यायला गेल्यावर 'यांचा या महिन्याचा आकडा पुरा व्हायला हवा' म्हणून कोणी दोन किलो जास्त घेतं का? आणि ही काही त्या वहिनींच्या स्वभावाची गोष्ट नाही. क्लबाची रचनाच अशी आहे की जी जास्त सोशिक, तिच्याकडून जास्त वसुली.

आता दुसरी बाजू, म्हणजे विकणारीची. इथे मला जास्त राग येतो.

जावेच्या एका वर्षाच्या अकरा महिन्यांचा हिशेब माझ्याकडे आहे. (बारावा दिवाळीचा, तो वेगळा असतो.) सहा हजारांच्या छापील किमतीवर तिला पंचवीस टक्के सुटायचे, म्हणजे पंधराशे. त्यातून भेट साडेतीनशे. यजमानण कोणीही असो, फराळाचं हिच्याकडूनच जायचं, कारण दुसरीच्या घरी धंदा करायचा आणि खर्चही तिलाच पाडायचा हे हिला पटत नसे. ते अडीचशे. ठाण्याहून माल आणायची रिक्षा, तिकीट, घरोघर पोचवणं, दोनशे. उरले सातशे. एका महिन्याच्या निदान बारा-तेरा संध्याकाळींचे सातशे.

इथवरही ठीक होतं. पण कंपनीच्या त्या पायरीवर टिकायला महिन्याला दहा हजारांची ऑर्डर लागायची. क्लबाचे सहा. उरलेले चार हजार कोण घेणार? तीच घेणार. तिच्या भावाने तीन हजार रोख भरून. पायरी टिकली की तीनशे रुपये बोनस. तो माल मग माहेरी, बहिणींना, भाजीवाल्या मावशींना घेतल्या भावात द्यायचा, कारण आधीच पैसे अडकलेत. अकरा महिन्यांत असा चव्वेचाळीस हजारांचा माल आला, त्यातला पंचवीस हजारांचा खपला, आणि एकोणीस हजारांचा दिवाणात राहिला. आमच्याकडे दिवाण म्हणजे गाद्या-गोधड्या ठेवायची जागा. गोधड्या माळ्यावर गेल्या आणि दिवाणात डबे, बाटल्या, मुदत संपत आलेली क्रीमं.

हिशेब करा. कमाई सातशे आणि तीनशे, अकरा महिन्यांचे अकरा हजार. दिवाणातल्या मालाची खरेदी किंमत सव्वाचौदा हजार. म्हणजे वर्षभर राबून बाई सव्वातीन हजारांनी खिशातून खाली. आणि वार्षिक मेळाव्यात तिला व्यासपीठावर बोलावून पट्टा घातला, 'सातत्यपूर्ण कामगिरी'बद्दल! सातत्य होतंच म्हणा. दर महिन्याला न चुकता स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक होण्याचं.

मी तिला आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "ताई, पण क्लबामुळे निदान सहा हजार तरी नक्की असतात ना." हे 'नक्की'च तर घातक आहे. नक्की सहा हजार येतात म्हणून तर दहाचं टार्गेट आवाक्यातलं वाटतं. काहीच नक्की नसतं तर तिने ती पायरी कधीच सोडून दिली असती. क्लब तिला उत्पन्न देत नव्हता, कर्ज काढायचा धीर देत होता.

कायद्याचंही थोडं बोलायला हवं, कारण क्लब चालवणाऱ्या नव्वद टक्के बायकांना कोणी हे सांगितलेलं नसतं (आकडा माझ्या अंदाजाचा). मी वकील नाही, पण वाचता येतं. चिठ्ठ्या टाकून 'लकी ड्रॉ' करायची फार हौस असते. जिची चिठ्ठी निघाली तिला वस्तू मिळाली, पुढचे हप्ते माफ, बाकीच्यांना शेवटी वस्तू किंवा पैसे. साड्यांची, भांड्यांची, मिक्सरची अशी स्कीम गावोगाव चालते. १९७८ साली प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा झाला, तो नेमका अशाच गोष्टींसाठी: वर्गणी गोळा करायची, चिठ्ठी काढून काहींना बक्षीस द्यायचं आणि उरलेल्यांना मुदतीअखेर पूर्ण किंवा थोडी रक्कम परत करायची. जिंकणारीने पुढचे हप्ते भरायचे की नाही याने काही फरक पडत नाही असं कायद्यातच लिहिलंय. कोपऱ्यावरची स्कीम बिनबोभाट चालते म्हणून ती कायदेशीर होत नाही.

दुसरं, डिसेंबर २०२१मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. ते कंपनीला लागू आहेत आणि विक्रेतीलाही. सामील व्हायला फी घ्यायची नाही. आणि 'आणखी मैत्रिणी आणा, तुमची खरेदी स्वस्त पडेल' असं सांगून माल खपवायचा नाही. म्हणजे ट्रेनिंगमधली ती लाडकी युक्ती, 'तीन जणींना जोडा, तुमचा एक हप्ता आमच्याकडून', नियमात बसत नाही. ही युक्ती शिकवणाऱ्या वरच्या पायरीवरच्या बाई नियमांबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि उद्या तक्रार झालीच तर सोसायटीच्या फाटकातून मान खाली घालून कोण जाणार? तीच, जिच्या सहीने पावत्या फाटल्यात. किंवा फाटल्याच नाहीत!

आता माझ्यावर एक आक्षेप नक्की येणार, तो आधीच घेते. 'तुम्ही पेन्शनवाल्या. बायकांनी दोन पैसे मिळवले की तुमच्या पोटात का दुखतं?' दुखत नाही हो. उलट घरातल्या पुरुषमंडळींनी जावेच्या कामाला 'डब्यांचा खेळ' म्हटलं तेव्हा सगळ्यात आधी मी भांडले. ते आजही म्हणतात आणि मी आजही भांडते. पण 'बाईचं काम' म्हणून त्याचं कौतुक करायचं आणि हिशेब मात्र मांडायचा नाही, हाही अपमानच आहे. पुरुषाने किराणा दुकान टाकलं असतं आणि वर्षाअखेर सव्वातीन हजारांनी खाली गेला असता तर त्याला आपण पट्टा घातला नसता.

आणि बायकांचा धंदा म्हटला की असाच चालतो, हेही खोटं. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांनी तो पहिला माल नेला कुठे? भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे. शेजारणींना 'आपलीच ना तू' म्हणून गळ्यात मारला नाही. शेजारणींना त्यांनी सोबत लाटायला घेतलं आणि संस्थेत वाटेकरी केलं. ओळखीच्या बाईला मालक करायचं की गिऱ्हाईक, हा फरक आहे. विकत घेणारे अनोळखी होते, त्यांना पापड आवडला म्हणून त्यांनी घेतला. तो आवडला नसता तर आठवड्यात कळलं असतं. क्लबात माल वाईट आहे हे कळायला वर्ष जातं, कारण मैत्रिणी सांगत नाहीत.

मग मासिक क्लब करूच नये का? करावा की. दर महिन्याला चार जणी जमताहेत, नवीन काय आलं ते बघताहेत, गप्पा होताहेत, यात वाईट काय? फक्त तो गिऱ्हाइकाच्या सोयीचा असावा. महिन्याची कमीत कमी खरेदी ठेवू नये. आगाऊ पैसा घेऊ नये. माल हातात आल्यावर पैसे, आणि पैशाबरोबर पावती, मग ती मोबाइलवरची का असेना. भेट देऊ नये, सरळ सूट द्यावी आणि ती बिलावर दिसावी. जी तीन महिने आली नाही तिला 'का' विचारू नये, नुसतं चौथ्या महिन्याचं आमंत्रण पाठवावं. ग्रुपवर कोणाचे पैसे बाकी आहेत याची यादी टाकणं तर कायमचं बंद (हे मी पाहिलंय, नावापुढे लाल खुणेसकट). आणि गिऱ्हाइकाला 'तूच का नाही विकायला घेत' असं कधीही म्हणू नये. तिला हवं असेल तर ती आपणहून विचारेल.

'असं केलं तर विक्री निम्म्यावर येईल.' येईल. जावेची आली. सहा हजारांची तीन हजार दोनशे झाली. पण तीन हजार दोनशेवर पंचवीस टक्के म्हणजे आठशे. सहा टक्के सूट दिली, एकशे ब्याण्णव गेले. मालाच्या फेरीचे शंभर. फराळ आता जिच्या घरी जमतील ती करते, कारण आता त्या मैत्रिणी म्हणून जमतात. पाचशेच्या वर उरतात. आधी सातशे उरत होते, पण त्यातून महिन्याला तीन हजारांचा माल दिवाणात जात होता. वरची पायरी गेली, तीनशेचा बोनस गेला. वरच्या बाईंचा फोन आला, मग दुसरा आला, मग 'तुझ्यात आग उरली नाही' असा निरोप आला. आग नाही, हे खरं. गॅस आहे, त्यावर ती आता शनिवारी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरीही घेते आणि त्यात तिला डब्यांपेक्षा जास्त सुटतात.

जुना क्लब बंद करताना मात्र एक पेच आला. वर्ष चालू होतं, सातवा महिना. सात जणींना भेटी मिळालेल्या, पाच राहिलेल्या. त्या पाचांनी सात महिने खरेदी केलेली, तेव्हा त्यांना हिशेबाने साडेतीनशेचे सात-बारांश, म्हणजे दोनशे चार रुपये देणं लागतं असं मी म्हटलं. जाऊ म्हणाली, असं तुकड्यात नाही द्यायचं, पूर्ण साडेतीनशे द्यायचे, आणि सात जणींकडून काही परत मागायचं नाही. मी बँकेची माणूस, मला ते बरोबर वाटेना. पण क्लब तिचा. दिवाणातला माल तिने निम्म्या किमतीत काढला आणि त्यातून पाच पाकिटं केली. नववा नंबर असलेल्या वहिनींनी पाकीट घेतलं नाही. त्यांनी सोळा डब्यांतले बारा परत आणून दिले, धुऊन, झाकणांसकट, आणि विचारलं, "हे परत घेशील का?" जावेने घेतले, छापील किमतीला. मी वहीत 'खरेदी परत' म्हणून नोंद केली.